गोलेम : अर्धवट घडलेल्याला पाहणारे डोळे

आजचा शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता 139:13-18
आजचा शब्द : गोलेम (हिब्रू)



तुमच्यापैकी किती जणांनी माइनक्राफ्ट खेळलंय? त्यात गावाची राखण करणारा एक लोखंडी गडी असतो, आयर्न गोलेम. पोकेमॉनमध्ये गोलेम आहे, क्लॅश ऑफ क्लॅन्समध्येही आहे. सगळीकडे त्याचं रूप साधारण सारखंच असतं : मातीचा, दगडाचा किंवा लोखंडाचा, धिप्पाड आणि मुका. सांगितलेलं काम करणारा. शब्द आपल्या इतक्या ओळखीचा आहे, पण तो मुळात बायबलमधला आहे हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

हिब्रू शास्त्रात हा शब्द फक्त एकदाच येतो. उत्पत्तीपासून शेवटपर्यंत शोधलं तरी दुसरीकडे सापडत नाही. अशा एकदाच आलेल्या शब्दाला अभ्यासक 'हापाक्स लेगोमेनॉन' म्हणतात, म्हणजे ग्रीकमध्ये 'एकदाच उच्चारलेला'. हा शब्द आहे स्तोत्र 139 च्या 16 व्या वचनात. आणि तिथे तो कुणी राक्षस नाही. तिथे तो आईच्या पोटातला, अजून आकारही न आलेला जीव आहे.

या शब्दापर्यंत मी अभ्यास करत पोचले नाही. ताईमुळे पोचले. तिला विचारून, तिची परवानगी घेऊन हे लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात ताईला नववा आठवडा चालू होता. घरात फक्त आई-पप्पा, भावोजी आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. तीन महिने झाले की मंडळीत सांगू, असं ठरलं होतं. सोनोग्राफीला भावोजींना सुट्टी मिळाली नाही म्हणून मी सोबत गेले. डॉक्टर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. स्क्रीन थोडा स्वतःकडे वळवला. मग म्हणाल्या, ठोके दिसत नाहीयेत.

नंतरच्या दिवसांत कळलेल्या दोन-चार जणी घरी आल्या. सगळ्या प्रेमाने आल्या होत्या, हे आधी सांगते. पण प्रत्येकीच्या बोलण्यात एक वाक्य होतंच : "लवकर झालं ते बरं गं, अजून तसं काही बनलेलंच नव्हतं." ताई मान हलवायची. एका रात्री ती मला म्हणाली, "काही बनलेलंच नव्हतं, तर मग मी रडतेय कशासाठी? नाव ठेवलं नव्हतं. मुलगा की मुलगी माहीत नाही. मी नेमकं कोणाला गमावलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काय केलं, तर तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक वचन पाठवलं, फुलांच्या चित्रावर छापलेलं. तिने एक हात जोडलेला इमोजी पाठवला. संभाषण संपलं. त्या इमोजीची मला अजून लाज वाटते. रडणाऱ्या माणसाला फॉरवर्ड पाठवून मी सुटका करून घेतली होती.

म्हणून मग मी स्तोत्र 139 घेऊन बसले. 'ठीक आहे, हे सगळेच जण गर्भाबद्दल उद्धृत करतात, पण तिथे खरंच काय लिहिलंय?' एवढाच प्रश्न होता. आणि मी गोलेमवर येऊन अडखळले.

शब्द काय सांगतो?

हिब्रूत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात. इथे ती आहेत ग-ल-म. या मुळाचं क्रियापदही शास्त्रात एकदाच येतं, 2 राजे 2:8 मध्ये. एलीया आपला झगा काढतो, त्याची गुंडाळी करतो आणि यार्देनेच्या पाण्यावर मारतो. ती 'गुंडाळी करणं' म्हणजे हे क्रियापद. यहेज्केल 27:24 मध्ये याच मुळातला एक शब्द निळ्या वस्त्रांसाठी आलाय, अंगाभोवती लपेटायची वस्त्रं.

तर गोलेम म्हणजे गुंडाळलेलं, अजून न उलगडलेलं काहीतरी. गाठोडं म्हणा. आपल्या मराठीतला 'गोळा' कानाला जवळचा वाटतो. तो निव्वळ योगायोग आहे, पण चित्र चांगलं आहे : परातीत मळून ठेवलेला कणकेचा गोळा. अजून पोळी नाही, पण नुसतं पीठही राहिलेलं नाही.

ख्रिस्ताच्या आधीच्या काळात यहुदी विद्वानांनी स्तोत्रांचं ग्रीकमध्ये भाषांतर केलं, तेव्हा त्यांनी इथे 'अकातेर्गास्तोन' हा शब्द निवडला. म्हणजे ज्याच्यावरचं काम अजून पुरं झालेलं नाही असं. लॅटिन स्तोत्रसंहितेत 'इम्परफेक्टुम' आलं, म्हणजे अपुरं. मराठी बायबल वाचणाऱ्यांना इथला 'पिंडरूप' हा शब्द ओळखीचा असेल. पिंड हा मराठीत मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पिंड म्हणजे गोळा, पिंड म्हणजे देह, आणि 'त्याचा पिंडच कवीचा' म्हणतो तेव्हा पिंड म्हणजे माणसाचं मूळ घडण-स्वभाव. आकार नसलेला गोळा आणि माणसाचं अगदी आतलं असलेपण, दोन्ही एकाच शब्दात.

नंतरच्या यहुदी परंपरेत हा शब्द बराच फिरला. मिश्नामध्ये घडवून झालेल्या पण शेवटचा हात न फिरलेल्या भांड्यांसाठी तो वापरलाय. 'पिर्के अवोत' मध्ये ज्ञानी माणसाच्या उलट जो, त्याला गोलेम म्हटलंय. 1204 साली वारलेला थोर यहुदी विचारवंत मैमोनिदेस ते समजावताना लोहाराचं उदाहरण देतो : सुरी घडवून झाली, पण अजून धार लावून, घासूनपुसून पुरी केली नाही, तसा हा माणूस. तालमूदमध्ये आदामाच्या पहिल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब आहे. पहिल्या तासाला माती गोळा केली, दुसऱ्या तासाला तो गोलेम झाला, तिसऱ्याला हातपाय आले, चौथ्याला त्यात प्राण घातला. म्हणजे अख्ख्या मानवजातीचा बाप कधीतरी एक तास गोलेम होता!

आणि आजच्या इस्राएलमध्ये, रोजच्या हिब्रूत, फुलपाखराच्या कोशाला गोलेम म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले.

वचनात शब्द कुठे आहे?

आता 16 वं वचन बघू. मराठीत आपण साधारण 'देवाच्या डोळ्यांनी मला पाहिलं' या अंगाने वाचतो. पण मूळ हिब्रूत वाक्याची सुरुवातच 'गोल्मी' या शब्दाने होते. गोल्मी म्हणजे माझा गोलेम, माझं ते अपुरं रूप. मग येतं 'पाहिलं'. आणि मग 'तुझ्या डोळ्यांनी'. दावीद आधी अपुरेपण समोर ठेवतो, आणि त्याच्या लगेच शेजारी देवाची नजर.

त्याच्या आधीची वचनंही सावकाश वाचा. 13 व्या वचनात देवाने जे घडवलं, त्यासाठी हिब्रू शब्द आहे 'मूत्रपिंडं'. हो, किडनी! हिब्रू माणसाला आपल्या सगळ्यात खोल भावना तिथे वसतात असं वाटायचं, जसं आपण 'काळीज' म्हणतो. 15 व्या वचनात दावीद म्हणतो की त्याला गुप्त ठिकाणी, पृथ्वीच्या खोल भागात विणलं, भरतकाम केल्यासारखं घडवलं. हे क्रियापद निर्गममध्ये निवासमंडपाच्या पडद्यांवर रंगीत काम करणाऱ्या कारागिरासाठी येतं (निर्गम 26:36). कळतंय ना? परमेश्वराच्या मंडपाच्या दारावरच्या पडद्यासाठी जी कारागिरी, तीच एका बाईच्या पोटात, अंधारात, कुणाला न दिसता चालू आहे.

भरतकामाची मागची बाजू कधी पाहिली आहे? गाठी, लोंबणारे दोरे, काही कळत नाही. काम अर्धं झालेलं असताना तर पुढची बाजूही कळत नाही. फक्त जिच्या हातात सुई आहे तिलाच माहीत असतं. दावीद सांगतो की देव त्या अर्ध्या कामाकडेच बघत होता. पूर्ण झाल्यावर बघायला आला नाही.

मग तो राक्षस कुठून आला?

गेममधला गोलेम येतो तो प्राग शहराच्या दंतकथेतून. तिथे रब्बी यहूदा लोव्ह नावाचे मोठे विद्वान होऊन गेले, 1609 साली वारले. त्यांनी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी नदीकाठच्या मातीचा एक माणूस घडवून त्याला जिवंत केलं, अशी गोष्ट पुढे त्यांच्या नावावर रूढ झाली. गोष्टीच्या एका रूपात त्याच्या कपाळावर 'एमेत' म्हणजे सत्य हा शब्द लिहिलेला असतो. पहिलं अक्षर पुसलं की उरतं 'मेत', म्हणजे मेलेला. काम संपलं की अक्षर पुसायचं, गोलेम पुन्हा माती.

ही गोष्ट आणि हे स्तोत्र शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे माती आहे, अपुरा आकार आहे आणि वरून बघणारं कुणीतरी आहे. पण माणसाने घडवलेल्या गोलेमकडे बघणारे डोळे विचारतात, 'हा काय कामाचा?' कामाचा असेल तोवर ठेवायचा. स्तोत्रातला गोलेम कुठल्याच कामाचा नाही. तो बोलू शकत नाही, स्तुती करू शकत नाही, प्रार्थना करू शकत नाही, विश्वाससुद्धा ठेवू शकत नाही. तरी त्याला पाहिलं गेलंय.

मला वाटतं, या एका शब्दाने सांगितलेली गोष्ट हीच आहे. देवाची नजर आपल्या पूर्ण होण्याची वाट बघत थांबत नाही. ती आधी येते. आपलं घडणं त्या नजरेखाली होतं.

ताईकडे परत

हे सगळं मी ताईला सांगितलं. यावेळी मेसेज करून नाही. तिच्या घरी गेले, ती मेथी निवडत होती, मीही शेजारी बसून निवडायला लागले आणि सांगितलं. 'काही बनलेलंच नव्हतं' हे लोक म्हणाले, त्याच अवस्थेसाठी बायबलमध्ये एक शब्द आहे. फक्त एकदाच आलाय. आणि त्याच्या शेजारी लिहिलंय की देवाच्या डोळ्यांनी ते पाहिलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने अवघड प्रश्न विचारला. ताईच ती! "पण त्याच वचनात पुढे आहे ना, की सगळे दिवस देवाच्या वहीत लिहिलेले होते. मग याचे दिवस किती लिहिले होते?"

मित्रांनो, इथे मी तुम्हाला सोपं उत्तर विकणार नाही. हे वचन 'असं का झालं' याचं उत्तर देत नाही. दावीद स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून बघत गातोय. तो कुणाच्या दुःखाचं कारण सांगत नाहीये. आणि हे वचन घेऊन कुठल्याही आईला 'तुझं काहीतरी चुकलं असेल' असं सुचवणं हे वचनाशी बेइमानी आहे.

पण या वचनाच्या शेवटी एक छोटीशी गोष्ट आहे, ती मी ताईला दाखवली. शास्त्राची नक्कल करणाऱ्या जुन्या यहुदी विद्वानांनी इथे दोन पाठ जपून ठेवलेत : एक लिहिलेला आणि एक वाचायचा. दोन्हीचा उच्चार एकच, 'वेलो'. लिहिलेल्या पाठाचा अर्थ होतो, त्या दिवसांपैकी एकही अजून 'नव्हता'. वाचायच्या पाठाचा अर्थ होतो, त्या दिवसांपैकी एक 'त्याचा' होता. 'नाही' आणि 'त्याचा', कानाला अगदी सारखं. त्या विद्वानांनी एक पाठ खोडून टाकला नाही. दोन्ही ठेवले.

ताई म्हणाली, "नऊ आठवडे. त्याचे होते ते." मग म्हणाली, "म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं तरी."

ती रडली. मीही. दुःख काही त्या दिवशी संपलं नाही, आजही संपलेलं नाही. पण 'मी कोणाला गमावलं' हा प्रश्न तिने त्यानंतर विचारला नाही. तिला कळलं होतं की तिने अशा कुणाला तरी गमावलंय, ज्याला देव ओळखत होता.

आणि आपण?

तुमच्यापैकी अनेकांच्या आयुष्यात हे दुःख नसेल. पण गोलेमपण आहेच. तिसरा अटेम्प्ट देऊन पुन्हा यादीत नाव नसलेला. एकतिसाव्या वर्षी 'अजून सेटल नाही' हे प्रत्येक लग्नात ऐकणारी. बाप्तिस्मा घेऊन पाच वर्षं झाली, तरी तीच जुनी सवय, तोच जुना राग, आणि रविवारी गाणी गाताना मनात 'मी ढोंगी आहे' असं म्हणणारा. आपल्याला सगळीकडे तयार होऊन जायची सवय लागलीये. रेझ्युमे नीट करायचा, फोटो निवडायचा, मग पोस्ट करायचा. हळूहळू प्रार्थनासुद्धा तशीच होते. आधी जरा सुधारतो, मग देवासमोर जातो.

स्तोत्र 139 शेवटपर्यंत वाचा. इतकं सुंदर गाऊन झाल्यावर 19 व्या वचनापासून दावीद एकदम शत्रूंवर संतापतो, द्वेषाची भाषा बोलतो. आपण मंडळीत वाचताना ही वचनं बहुतेक गाळतो. पण गाळू नका! कारण त्यानंतरच 23-24 मध्ये तो म्हणतो की देवा, मला पारख, माझं मन तपास, माझ्यात वाईट मार्ग असेल तर बघ आणि मला योग्य वाटेने ने. बघा, पोटातला गोलेम मोठा झाला, राजा झाला, तरी अजून गोलेमच आहे. अजून खडबडीत आहे. फरक एवढाच की आता तो स्वतःहून म्हणतोय, बघ माझ्याकडे.

16 व्या वचनात दिवस 'घडवले' यासाठी आलेलं क्रियापद कुंभाराचं आहे. 'योत्सेर' म्हणजे कुंभार, त्याच मुळातलं. यिर्मया 18 मध्ये कुंभाराच्या हातातलं भांडं बिघडतं. कुंभार ते फेकत नाही, त्याच मातीचं दुसरं घडवतो. चाकावरची माती कुंभाराच्या हातात असते, शोकेसमधलं भांडं नसतं. आपण अजून चाकावर आहोत याचा अर्थ आपण अजून त्याच्या हातात आहोत.

सगळ्यात मोठी गोष्ट

आणि हे पाहणारे डोळे नुसतं दुरून पाहत राहिले नाहीत. योहान सांगतो की शब्द देही झाला. आपण हे नाताळात गोठ्यापासून सुरू करतो. पण त्याच्या आधी नऊ महिने आहेत. ज्याने आदामाला मातीतून घडवलं, तो स्वतः एका नासरेथच्या मुलीच्या पोटात गोलेम झाला. न दिसणारा, न उलगडलेला.

लूक 1 मध्ये मरिया देवदूताचा निरोप ऐकून घाईने यहूदाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. तेव्हा येशू किती मोठा असेल? जेमतेम काही दिवसांचा. लोकांच्या भाषेत 'अजून काही बनलेलंच नाही' असा. आणि अलीशिबा तिला काय म्हणते? माझ्या प्रभूची आई. त्या घरात पवित्र आत्म्याने भरलेल्या एका बाईने गोलेमला प्रभू म्हणून ओळखलं.

म्हणून कुणी तुम्हाला म्हणेल, किंवा तुमचंच मन म्हणेल की 'तुझं अजून काहीच झालं नाही', तेव्हा आठवा. तुमच्या देवाला हे ठिकाण अनोळखी नाही. तो तिथे राहून आलाय. आणि ज्याने चांगलं काम सुरू केलंय तो ते तडीस नेईल, हा फिलिप्पैकरांस 1:6 मधला पौलाचा भरवसा याच डोळ्यांवरचा भरवसा आहे.

आजसाठी एक छोटी गोष्ट

आज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं काढा. तुमच्या आयुष्यातली एक अर्धवट राहिलेली गोष्ट देवापुढे ठेवा, सुधारून नाही, आहे तशी. 'गोल्मी' एवढा एकच शब्द म्हणा. माझं हे अपुरं, प्रभू. आणि मग गप्प बसा. त्याला बघू द्या.

आणि तुमच्या ओळखीत कुणी अशी ताई असेल, तर कृपया फॉरवर्ड पाठवू नका. जा. सोबत बसा. भाजी निवडा.

प्रार्थना

हे प्रेमळ बापा, आम्हाला आकार नव्हता तेव्हा तुझे डोळे आमच्यावर होते, म्हणून तुझे आभार. ज्या आईबापांच्या हातात बाळ आलंच नाही त्यांना आज जवळ घे. त्यांच्या बाळाला तू पाहिलंस, हे त्यांच्या मनाला कळू दे. जे स्वतःला अपुरे समजून तुझ्यापासून लपतात, त्यांना तुझ्या चाकावर निर्धास्त राहू दे. आमच्यातला खडबडीतपणा तू बघ, आणि हात काढून घेऊ नकोस. जो आमच्यासाठी मरियेच्या उदरात लहानात लहान झाला, त्या येशूच्या नावाने मागतो. आमेन.